चूक नर्सची की कपाटाची?

वॉर्डात चुकीचं इंजेक्शन गेलं की बातमीचा मथळा ठरलेला: 'परिचारिकेचा हलगर्जीपणा'. निलंबन होतं, चौकशी समिती बसते, आणि ती कुपी ज्या कपाटातून उचलली गेली ते कपाट मात्र आहे तसंच राहतं.

त्या कपाटात जरा डोकावावं. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र मात्रेची कुपी आणि इंजेक्शन पातळ करण्याच्या पाण्याची कुपी अनेकदा शेजारीशेजारी असतात. दोन्हींतला द्रव बिनरंगी, लेबलावरची अक्षरं बारीक. पहिली सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायची असते. तशीच शिरेत गेली तर हृदय बंद पडू शकतं. 'लेबल नीट वाचा' अशी पाटी लावणं हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळा उपाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सुचवलं ते वेगळंच: अशा कुप्या वॉर्डात ठेवूच नका, त्या औषधविभागात राहू द्या.

डॉक्टर अनुभवी असले की काळजी नको, ही दुसरी समजूत. २००५ मध्ये ब्रिटनमधले वैमानिक मार्टिन ब्रॉमिली यांच्या पत्नी सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग खुला राहीना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले आणि किती वेळ गेला याचं भान सुटलं. गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करण्याचं साहित्य परिचारिकेनं आणून ठेवलं होतं, तसं सांगितलंही होतं. ते कुणी हाती घेतलं नाही. त्या वाचल्या नाहीत. ब्रॉमिलींनी शिक्षेचा हट्ट धरला नाही. विमानात सहवैमानिकाला कॅप्टनला टोकायला शिकवतात, तसं इथं का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. २००७ मध्ये त्यांनी याच कामासाठी संस्था उभी केली.

मग चेकलिस्ट लावली की झालं? दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वीची यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, हे २००९ चं संशोधन गाजलं. कॅनडाच्या ओंटारिओत मात्र १०१ रुग्णालयांनी यादी लागू केल्यानंतर लक्षणीय फरक दिसला नाही, असं २०१४ मध्ये समोर आलं. कारणांवर वाद आहेत; पण चौकटीत टिक मारायला सेकंद पुरतो हे कुणीही मान्य करील. त्या यादीत एक साधी गोष्ट आहे: छेद घेण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. एकदा तोंड उघडलेली परिचारिका नंतर 'थांबा' म्हणायला कमी कचरते, हा त्यामागचा हिशेब.

व्यवस्थेकडे बोट दाखवणं म्हणजे दोषींना मोकळं सोडणं, असंही नाही. दारू पिऊन ड्युटीवर आलेल्याला शिक्षा व्हायलाच हवी.

माणूस चुकणारच हे धरून केलेली रचना पाहायची तर भुलीच्या यंत्राकडे जावं. यंत्राच्या पकडीत दोन पिना असतात आणि लहान सिलिंडरच्या झडपेवर दोन छिद्रं. ऑक्सिजनची छिद्रं एका जागी, नायट्रस ऑक्साइडची दुसऱ्या. घाई असो वा अंधार, चुकीचा सिलिंडर बसतच नाही. गळती थांबवायला कुणी एकावर एक दोन वॉशर घातले, तर मात्र पिना आत पोचण्याची गरजच उरत नाही आणि ही युक्ती फसते. म्हणून सिलिंडर जोडताना वॉशर एकच आहे ना, हे बघावंच लागतं.