वयस्क कोंबडीचे आजारपण : ओळख, उपचार आणि दक्षता

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही जुनी गावे आहेत. मिरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली आणि ही गावे आज तिच्या हद्दीत मोडतात. तरीही मिठागरे, खाजण आणि खाडी यांचा शेजार लाभलेल्या अशा गावांत परसातील खुराड्याचे महत्त्व संपलेले नाही. अशा खुराड्यातील तीन-चार वर्षांची कोंबडी एके दिवशी पिसे फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात बसून राहते. ‘वय झाले’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, किंवा मरण्यापूर्वी उपयोगात आणावी म्हणून ती कापली जाते. या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

स्वाभाविक काय, अस्वाभाविक काय?

कोंबडी पहिल्या वर्षी सर्वाधिक अंडी देते. पुढे हे प्रमाण वर्षागणिक घटत जाते. वर्षातून एकदा पिसे झडतात, तेव्हा अंडी बंद होतात. खुडूक कोंबडीही दिवसभर बसून राहते व जवळ जाताच फुगून गुरगुरते; मात्र तिचा तुरा व डोळे सतेज असतात. हे आजार नव्हेत. उलट तुरा फिका किंवा निळसर पडणे, डोळे मिटून बसणे, तोंड उघडून श्वास घेणे, वजन घटणे, पातळ अथवा हिरवी विष्ठा ही लक्षणे आढळल्यास कोंबडी आजारी आहे असे समजावे. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असते. त्यामुळे हाताला अंग गरम लागले म्हणजे ताप आहे असा निष्कर्ष काढू नये.

तपासणी व घरगुती उपचार

प्रथम कोंबडी वेगळ्या, उबदार जागी ठेवावी व तिला स्वच्छ पाणी द्यावे. सकाळी दाणे टाकण्यापूर्वी गळ्याखालील अन्नाची पिशवी चाचपावी. ती रिकामी असावयास हवी. टणक अथवा आंबूस वासाची व फुगलेली असल्यास पचन बिघडले आहे. ती रिकामी करण्यासाठी कोंबडी उलटी धरू नये. द्रव श्वासनलिकेत जाऊन ती दगावते.

शेपटी खाली झुकवून वारंवार कुंथणाऱ्या कोंबडीच्या पोटात अंडे अडकलेले असू शकते. तिचा मागील भाग वीस ते तीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, गुदद्वाराला तेल लावावे व तिला शांत, अंधाऱ्या जागी बसवावे. अंडे आत फोडू नये. काही तासांत अंडे न आल्यास डॉक्टरांकडे न्यावे. अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो. खाडीकाठी सहज मिळणाऱ्या शिंपल्यांची भरड हा त्याचा उत्तम पुरवठा होय. पोट पाण्याने भरल्याप्रमाणे थलथलीत लागल्यास बलक पोटात साचणे, अंडनलिकेची गाठ किंवा यकृताचा विकार संभवतो. त्यावर घरगुती इलाज नाही.

लंगडणाऱ्या कोंबडीच्या तळपायाला गळू आहे काय, ते पाहावे. पाय धुऊन पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने जखम स्वच्छ करावी व पट्टी बांधावी. उवा व गोचिडांसाठी पंखांखाली पाहावे. राख-मातीत लोळण्याची सोय असावी व खुराडे कोरडे ठेवावे.

खाडीकाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. खारवलेल्या मासळीची डोकी किंवा खारट पाणी यांतून मीठ जादा झाल्यास अतितहान, पातळ विष्ठा व अशक्तपणा ही लक्षणे दिसतात. अशा वेळी खारट खाद्य तत्काळ बंद करावे व गोडे पाणी थोडे थोडे, परंतु वारंवार पाजावे.

प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. औषधोपचाराच्या काळात व त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी व मांस खाण्यात आणू नये.

एक कोंबडी की संपूर्ण कळप?

वयोमानाचा विकार एका कोंबडीपुरता असतो व बहुधा हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मलूल झाले, मान वाकडी झाली, हिरवी हगवण लागली किंवा पक्षी अकस्मात मरू लागले, तर राणीखेत अर्थात मानमोडी, अथवा बर्ड फ्लू यांचा संशय घ्यावा. भारतातील पाळीव पक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातीलच शहापूर तालुक्यात वेहळोली येथे तो आढळला. पाणपक्ष्यांमार्फतही हा विषाणू पसरतो. म्हणून खाडीकाठच्या गावांत दाणा-पाणी उघड्यावर ठेवू नये.

अशा वेळी आजारी पक्षी कापू वा विकू नये, मेलेले पक्षी खाडीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत आणि उघड्या हातांनी हाताळू नयेत. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार पक्षीमालकाने अशा रोगाची माहिती गावपातळीवर देणे बंधनकारक आहे. तेथून ती पशुवैद्यकापर्यंत पोहोचवावयाची असते. नुकसानभरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, आधीच मेलेल्यांसाठी नव्हे. त्यामुळे विलंबाने मालकाचेही नुकसान होते.

ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता फलकावर लावावा आणि राणीखेत लसीकरणाच्या वेळा पालकांना सांगाव्यात. एका म्हाताऱ्या कोंबडीकडे वेळीच लक्ष दिल्याने संपूर्ण गावाचे पशुधन वाचू शकते.