पाणी पारखणारं सोनं, आणि सोन्याला न दिसणारा पारा

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ड्रायडन इथल्या कागद गिरणीच्या रसायन कारखान्यातून १९६२ ते १९७० या काळात सुमारे नऊ टन पारा वाबिगून नदीत गेला. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या ग्रासी नॅरोज या आदिवासी वस्तीची व्यावसायिक मासेमारी १९७० मध्ये बंद करावी लागली, आणि पाऱ्याची बाधा तिथल्या घरांत आजही आहे. पारा सोडणं थांबलं की विष संपलं, हा यातला पहिला गैरसमज. गाळातले जिवाणू उरलेल्या पाऱ्याचा मिथाइल पारा करत राहतात. तो शेवाळातून लहान माशांत आणि तिथून वॉलायसारख्या शिकारी माशांत चढत जातो. पाण्यात तो लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावा लागतो, माशाच्या अंगात मात्र लाखो पटींनी साठतो. म्हणून पाणी पिण्याच्या कसोटीला उतरलं, तरी मासा खाण्याजोगा ठरत नाही. चरबी काढून, नीट तळून खाल्ला की बाधत नाही, हीसुद्धा खोटी समजूत. हा पारा माशाच्या स्नायूंतल्या प्रथिनांना धरून असतो. तो तव्यावर निघत नाही.

अशा पाण्याच्या तपासणीसाठी सोन्याच्या सूक्ष्मकणांची चाचणी सुचवली जाते. सोन्याच्या क्षाराच्या पिवळसर द्रावणात पानांचा अर्क घातला, की अर्कातली द्रव्यं सोन्याचे कण घडवतात आणि द्रावण माणकासारखं लाल होतं. पाऱ्याचे आयन मिसळल्यावर कण एकमेकांना चिकटले, की तोच लाल रंग जांभळा-निळा होतो. जिवाणूही सोन्याचे असे कण घडवतात. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की डेल्फ्टिया ॲसिडोव्होरान्स हा जिवाणू एक रेणू बाहेर सोडून स्वतःसाठी विषारी असलेलं विरघळलेलं सोनं घन रूपात आणतो. पण ‘जैविक’ म्हणजे आपोआप भरवशाचं, असं नाही. सोन्याचा क्षार प्रयोगशाळेतूनच आणावा लागतो, आणि पानं बदलली, ऋतू बदलला, की अर्क बदलतो. कणांचा आकार आणि चाचणीची संवेदनशीलताही बदलते.

शिवाय नुसतं मीठ जास्त असलं तरी कण गोळा होऊ शकतात, आणि माशातला प्रथिनांना बांधलेला मिथाइल पारा अशा चाचणीला सहसा दिसतच नाही. आधी आम्लात मांस विरघळवून तो मोकळा करावा लागतो. मग हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण प्रयोगशाळा शेकडो किलोमीटर दूर असताना नदीकाठच्या लोकांना कुठला नमुना आधी पाठवायचा हे स्वतः ठरवता येणं, ही लहान गोष्ट नाही. रंग बदलला तर तो नमुना पुढे पाठवण्याचं कारण मिळतं. रंग बदलला नाही, तर त्यावरून कुणालाही मासा खायला सांगता कामा नये; त्यासाठी माशाचंच मांस तपासलं पाहिजे.