करिअर ढगात?

सीईटीला चांगले मार्क, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची सीट जवळपास पक्की आणि घरातलं शेंडेफळ जाहीर करतं, ‘मला क्लायमेट सायन्स करायचंय!’ अशा वेळी टाळ्या वाजवायच्या की डोक्याला हात लावायचा?

जुलै २०२५ मधला एक रविवार. सकाळचे नऊ, म्हणजे आठवडाभर राबलेल्या माणसाची मध्यरात्रच. तेवढ्यात सांगलीहून मावशीचा फोन.

‘‘अगं, तू तरी तिला समजाव की! एवढे मार्क पडलेत, पुण्यात कॉम्प्युटर मिळतंय आणि ही म्हणतीय, मला हवामान शिकायचंय. म्हणजे ते टीव्हीवर पाऊस सांगतात, तेच नव्हं?’’

पत्रकाराला सगळ्यातलं सगळं माहीत असतं, असा नातेवाइकांचा एक गोड गैरसमज असतो. त्यामुळे मावसबहिणीची करिअर काउन्सेलर म्हणून माझी तडकाफडकी नेमणूक झाली. खरं सांगायचं तर मावशीला द्यायला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. म्हटलं, चला, शोधूया!

हवा की हवामान?

मावशीचा गोंधळ तसा तिचा एकटीचा नाही. तो आपल्या बोलण्यातच आहे. शाळेच्या भूगोलात आपण ‘हवा’ आणि ‘हवामान’ असे दोन वेगळे शब्द शिकलो होतो. हवा म्हणजे आजची, आत्ताची स्थिती. हवामान म्हणजे एखाद्या प्रदेशाची कित्येक वर्षांची सरासरी तऱ्हा. परीक्षेत दोन मार्कांना ‘फरक स्पष्ट करा’ यायचं, आठवतंय? पुढे आपण तो फरक विसरलो आणि उद्याच्या पावसालाही हवामानच म्हणायला लागलो. हवामान खातं सांगतं ते हवामान आणि शंभर वर्षांत बदलतं तेही हवामान!

फंडा क्लिअर करायचा तर आपल्या छत्रीचं उदाहरण घ्या. आज ऑफिसला जाताना छत्री न्यायची का, हा हवेचा प्रश्न. आपल्या गावात घरटी किती छत्र्या लागतात, हा हवामानाचा. आणि पूर्वी जूनमध्ये काढलेली छत्री आता ऑक्टोबरपर्यंत का मिटत नाही, हा क्लायमेट सायन्सच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. त्याचं उत्तर हवेत, समुद्रात, बर्फात, जंगलात आणि आपल्या गाड्यांच्या धुरात विखुरलेलं असतं. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून रोज मोजलं जातंय. तेव्हा ते दहा लाखांत साधारण ३१५ भाग होतं, आता ४२० च्या वर गेलंय. एवढ्या फरकाने आपल्या मान्सूनचं नेमकं काय होतं, हे शोधणं म्हणजे क्लायमेट सायन्स.

डिग्री मिळते कुठे?

इंग्लंडमध्ये रेडिंग किंवा ईस्ट अँग्लियासारख्या विद्यापीठांत हवामानाच्या विषयांत थेट पदवी घेता येते. आपल्याकडे बारावीनंतर लगेच याच नावाची डिग्री देणारी कॉलेजं शोधायला बसलात, तर यादी पटकन संपते. बरेचसे अभ्यासक्रम पदवीनंतरचे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग आहे, आयआयटी बॉम्बेत क्लायमेट स्टडीजचं केंद्र आहे, आयआयटी दिल्लीत वातावरण विज्ञानाचं. पण तिथे जायचं तर आधी भौतिकशास्त्र, गणित किंवा इंजिनीअरिंगची पदवी खिशात हवी.

बारावीनंतरचा एक रस्ता मात्र आपल्या पुण्यातूनच जातो. पाषाण रोडवरच्या ‘आयसर’मध्ये, म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, ‘अर्थ अँड क्लायमेट सायन्स’ असा स्वतंत्र विभाग आहे. प्रवेश आयसरच्या स्वतःच्या परीक्षेतून. कोर्स पाच वर्षांचा, बीएस आणि एमएस एकत्र. सुरुवातीला सगळ्यांना सगळे विषय, मग आपापली आवड आणि शेवटच्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प. त्याच रस्त्यावर पुढे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम. १९६२ पासून मान्सूनचा पिच्छा पुरवणारी संस्था. ऑफिसला जाता-येता तिच्यासमोरच्या ट्रॅफिकला आपण सगळ्यांनी शिव्या घातल्यात, पण आत काय चालतं हे विचारायला कितीजण थांबलो?

पृथ्वी वाचवायचीय? गणित सोडव!

या क्षेत्रात येणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांसमोर ध्रुवीय अस्वल असतं, झाडं लावणं असतं, हातात बोर्ड घेऊन उभं राहणं असतं. वर्गात समोर येतं ते मात्र डिफरन्शियल इक्वेशन. वाहत्या हवेचं आणि पाण्याचं भौतिकशास्त्र, उष्णतेचे नियम, सूर्यकिरणांचा हिशेब, वातावरणातलं रसायन, भरपूर स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंग. म्हणजे इंजिनीअरिंगमधल्या ज्या एम-थ्रीने कित्येकांना रडवलं, ते इथे रोजचं जेवण!

का बरं? साधं उदाहरण बघा. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, मत नाही. पण हे जादा बाष्प कुठे, कधी आणि किती जोराने खाली येणार, हे नुसत्या नियमातून कळत नाही. त्यासाठी सगळं वातावरण चौकोनांत कापून प्रत्येक चौकोनाचं गणित कॉम्प्युटरवर सोडवावं लागतं. हेच ते ‘मॉडेल’.

चौकोन १२ किलोमीटरचा असेल तर कात्रजपासून शिवाजीनगरपर्यंतचं पुणं साधारण एका चौकोनात बसतं. म्हणजे मॉडेलच्या लेखी सगळ्यांना सारखाच पाऊस! मे २०२५ मध्ये आलेली, आयआयटीएममध्ये घडलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हा चौकोन ६ किलोमीटरवर आणते. ऐकायला निम्मं. पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेचे टप्पेही निम्मे घ्यावे लागतात. म्हणजे हिशेब जवळपास आठपट. म्हणून तर सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ नावाचा महासंगणक पाषाणला आला.

सिमला ऑफिसचे पाहुणे

आता गंमत ऐका. ज्यांनी हे शास्त्र घडवलं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे क्लायमेटची डिग्री नव्हतीच.

शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक पुणेकरांना सिग्नलमुळे पाठ आहे. नाव सिमला का? कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे हलवलं गेलं. ते सिमल्यात असताना, १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर त्याचे प्रमुख होते. हा केंब्रिजचा गणिती, बूमरँग फेकण्याचा शौकीन. मान्सून का दगा देतो हे शोधताना त्याने जगभरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोपाळा त्याला सापडला. आज आपण बातम्यांत ‘एल निनो’ ऐकतो, त्या कोड्याचा अर्धा भाग हा होता.

ॲना मणी भौतिकशास्त्र शिकलेल्या, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या. लंडनला गेल्या आणि वळल्या हवामानाच्या उपकरणांकडे. १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि पुढे खात्याच्या उपमहासंचालक झाल्या.

सुलोचना गाडगीळ तर पुण्याच्याच. फर्ग्युसन कॉलेज, मग हार्वर्डची उपयोजित गणितातली डॉक्टरेट. परत आल्या त्या मान्सूनसाठी. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी देशाच्या उत्पन्नाला २ ते ५ टक्क्यांचा फटका बसतो, हे त्यांनी आपल्या गणिती मुलाबरोबर २००६ मध्ये मांडलं. जुलै २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०२१ मध्ये क्लायमेटचं मॉडेल बांधणाऱ्या स्युकुरो मानाबे आणि क्लाउस हासेलमान यांना नोबेल मिळालं. कशाचं? भौतिकशास्त्राचं!

थोडक्यात, डिग्रीवर छापलेलं नाव दुय्यम. पाया भौतिकशास्त्राचा आणि गणिताचा हवा. तो असेल तर साध्या बीएस्सीतूनही इथे पोचता येतं. तो नसेल तर ‘क्लायमेट’ लिहिलेलं कितीही चकचकीत सर्टिफिकेट फार लांब नेत नाही.

आणि पॅकेज?

काकांचा प्रश्न अर्थातच हा होता. खोटं कशाला सांगू? नुसत्या पदवीवर, ‘क्लायमेट सायंटिस्ट’ असं कार्ड देणारी नोकरी जवळपास नाहीच. संशोधनात जायचं तर एमएस, मग पीएचडी, मग पोस्ट-डॉक. तोवर बरोबरीच्या मित्रांचे फ्लॅटचे हप्ते निम्मे फिटलेले असतील.

पण दुसरी बाजूही आहे. मोठ्या डेटाशी झुंजायची सवय आणि कोडिंग ही कौशल्यं विमा कंपन्यांना लागतात, पवन आणि सौर ऊर्जेवाल्यांना उद्याचा वारा-ऊन सांगायला लागतात. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, म्हणजे कदाचित तुमच्याही ऑफिसात एखादी ‘सस्टेनेबिलिटी’ टीम उगवली असेल. फक्त गल्लत नको. अहवाल भरणं वेगळं आणि अहवालातला पुराचा धोका मुळात किती आहे हे काढणं वेगळं. दुसरं काम करणारी माणसं अजून कमी आहेत. सरकारनेही २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांचे २,००० कोटी मंजूर केले.

आयर्विनला किती फूट?

एवढं सगळं गोळा करून मी मावसबहिणीला फोन लावला. म्हटलं, पाच वर्षं गणित करावं लागेल, झाडं लावायला कुणी नेणार नाही, पहिला पगार मैत्रिणींपेक्षा कमी असेल. का करायचंय तुला हे?

ती म्हणाली, ‘‘ताई, तुला माझी वही दाखवली नव्हती का?’’

ऑगस्ट २०१९. सांगलीला महापूर आला तेव्हा ती सातवीत होती. घरात पाणी शिरलं, सगळे नातेवाइकांकडे गच्चीवरच्या खोलीत. सांगलीत पावसाळ्यात एकच प्रश्न विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४५ फूट ही धोक्याची खूण. ही पोरगी रेडिओ, फोन, शेजारी, जिथून मिळेल तिथून आकडा घ्यायची आणि गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर वेळेसकट लिहायची. आकडा ५७ फुटांच्या वर गेला, तिथे तिने दोन रेघा ओढल्यात. २०२१ ला पुन्हा पूर आला, पुन्हा पानं भरली.

‘‘मोठी माणसं नुसती भांडत होती,’’ ती म्हणाली. ‘‘कुणी म्हणे धरणामुळं, कुणी म्हणे अलमट्टीमुळं, कुणी म्हणे क्लायमेट चेंज. मला कळेना, कुणामुळं किती?’’

मी गप्प झाले. कारण ‘कुणामुळं किती’ हा या शास्त्रातला अगदी आजचा प्रश्न आहे. त्याला ‘ॲट्रिब्यूशन’ म्हणतात. मॉडेलमध्ये एकदा आजचं जग चालवायचं आणि एकदा माणसाने धूर सोडलाच नाही असं जग. दोन्हीत तसा पाऊस किती वेळा पडतो, ते मोजायचं. आयआयटीएमच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पण म्हणून प्रत्येक पुराचं खापर क्लायमेटवर फोडता येत नाही. धरणांचं नियोजन आणि पूररेषेच्या आत बांधलेल्या आपल्या सोसायट्या यांचा हिशेबही मांडावाच लागतो.

मावशीला मी एवढंच म्हटलं, ‘‘तिला पाऊस सांगायचा नाहीये. आपल्या घरात पाणी का आलं, ते तिला शोधायचंय.’’ फोनवर बराच वेळ शांतता. मग मावशी म्हणाली, ‘‘होस्टेलवर जेवण बरं असतंय का तिथं?’’

त्या ऑगस्टमध्ये पोरगी आयसरला आली. पहिल्याच महिन्यात फोन, अगदी रडकुंडीला येऊन. ‘‘ताई, इथं क्लायमेट कुठंय? नुसतं गणित, फिजिक्स आणि वर बायॉलॉजी!’’

मी विचारलं, ‘‘वही आणलीस का बरोबर?’’

‘‘आणलीय की.’’

मग मंडळी, काळजी नाही.

ढगात शिरण्यापूर्वी

• बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवा. इथे पळवाट नाही.
• गणित आवडत नसेल तर निराश होऊ नका. पर्यावरण धोरण, कायदा, शेती, पत्रकारिता याही बाजूंनी या विषयाला भिडता येतं. पण ते क्लायमेट सायन्स नव्हे.
• कोर्सचं नाव बघू नका, विषयांची यादी बघा. फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, स्टॅटिस्टिक्स दिसलं नाही तर दोनदा विचार करा.
• आयसरची परीक्षा वेगळी असते. सीईटी-जेईईच्या धामधुमीत तिचा फॉर्म भरायचा विसरू नका.