दादींची ट्रंक

मागच्या रमजान ईदला आम्ही दादींची जुनी ट्रंक उघडली. आत मरहूम दादाजींची ४० पत्रे निघाली. ते मुंबईहून जेद्दाला हाजींना नेणाऱ्या जहाजावर खलाशी होते. हा सागरी प्रवास १९९५ मध्ये बंद झाला. पत्रे उर्दूत, आणि आमची मुले मराठी शाळेत शिकलेली! मग दर जुम्याला असरनंतर दादी भिंग धरून एकेक पत्र वाचू लागल्या. मुलगा मोबाइलवर आवाज टिपायचा, मुलगी मराठीत वहीत उतरवायची.

शाबानमध्ये दादींचा इंतेकाल झाला. नऊ पत्रे वाचायची राहिली. त्यांच्यासाठी मुलगी आता उर्दू शिकते आहे. तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल, तर ती आजच उघडा. वाचणारे समोर आहेत तोवरच.