संग्रहालयाची सहल : तलवार, मूर्ती आणि चरखा

सहलीचं पत्र घरी गेलं की पालकांचे फोन सुरू होतात. वॉटर पार्क आहे का, जेवण काय, किती वाजता परत येणार. २०२५ च्या फेब्रुवारीत मात्र मुलांनीच ठिकाण ठरवलं होतं. नागपूर! कारण वाघनखं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आलेली वाघनखं आधी साताऱ्याला होती, मग ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात ठेवली गेली. टीव्हीवर बातमी पाहून आमची सातवीची पोरं मागेच लागली.

एका पालकांनी मला विचारलं, "मॅडम, संग्रहालयात काय पाहाचं असते? जुन्या वस्तूच ना? अर्ध्या तासात होते." खरं सांगते, डी.एड.ला असताना आम्हालाही सहलीच्या पाठात 'संग्रहालयास भेट' एवढंच लिहून दिलं होतं. तिथे गेल्यावर मुलांशी काय बोलायचं ते कोणी शिकवलं नाही. म्हणून हा लेख. तो पालकांनाही आहे, कारण सुट्टीत तुम्हीही मुलांना घेऊन जाता.

मुलांची संग्रहालय पाहायची एक ठरलेली रीत असते. तलवारींपाशी गर्दी, मूर्तींपाशी नमस्कार, आणि अवजारं-यंत्रं दिसली की सरळ पुढे. म्हणजे लढाई, धर्म आणि उद्योग अशी तीन दालनं, आणि तिसऱ्यात कोणी थांबत नाही. मला या सहलीत कळलं की ही तीन दालनं फक्त इमारतीत वेगळी आहेत. आपल्या भागाचा इतिहास पाहिला तर ती एकमेकांत पार गुंतलेली आहेत, आणि ती गाठ सापडते ती बहुतेक त्या तिसऱ्या दालनात.

आमची बस नांदुऱ्याहून पहाटे निघाली. हायवेवरच्या १०५ फुटी हनुमानाला सगळ्यांनी बसमधूनच हात जोडले. खामगाव यायच्या आत पोरांनी खेळ मांडला होता. ड्रायव्हरच्या बाजूची बाकं मराठे, दाराकडची मोगल. घोषणा चालू. आणि माझ्या लक्षात आलं की एका मुलाला न विचारताच मोगलांकडे बसवलंय. त्याचं नाव ऐकून. तो खिडकीबाहेर पाहत होता. खेळ बंद करा म्हणून मी ओरडू शकले असते, पण ओरडून असली गोष्ट संपत नाही, ती फक्त माझ्या पाठीमागे जाते.

योगायोगाने बाळापूरला थांबायचं ठरलेलंच होतं. तिथे नदीकाठी काळ्या दगडाची देखणी छत्री आहे. मी मुलांना म्हटलं, ही छत्री मोगलांच्या एका मोठ्या सेनापतीच्या नावाची आहे, नाव सांगा. कोणी औरंगजेब म्हटलं, कोणी शाहिस्तेखान. मी सांगितलं, मिर्झाराजे जयसिंह, आमेरचे रजपूत राजे. १६६५ चा पुरंदरचा तह ज्यांच्याशी झाला, ज्यात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, तेच हे. "मंग हे तं हिंदू होते!" एक पोरगी जवळजवळ रागानेच बोलली. हो, होते. आणि प्रतापगडावर अफजलखानाचा वकील कोण होता? कृष्णाजी भास्कर. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत कोण होता? सिद्दी इब्राहीम. राज्यासाठी, वतनासाठी, चाकरीसाठी, स्वराज्यासाठी माणसं लढली. त्यात धर्माचं नाव कधी पुढे केलं गेलं, कधी नाही. पण धर्म पाहून दोन बाजू पाडता येत नाहीत.

जवळच बाळापूरचा किल्ला आहे. मोगल काळात काम सुरू झालं, १७५७ मध्ये एलिचपूरच्या नवाबाने ते पुरं केलं. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचं देऊळ, जिच्यावरून गावाचं नाव पडलं. बसमध्ये परत बसताना खेळाचा घोटाळा झाला. "जयसिंगाले कोणत्या बाकावर बसवाचं?" यावर वाद होऊन खेळच मोडला. मला काही बोलावं लागलं नाही.

नागपूरचं संग्रहालय १८६३ सालचं. जुने लोक त्याला अजब बंगला म्हणतात. वाघनखांच्या रांगेत उभं असताना मी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, लंडनला या वाघनखांबरोबर जी पेटी आहे, तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय की महाराजांनी या शस्त्राने मोगल सेनापतीला मारलं. लगेच तीन-चार जण ओरडले, "मोगल नाही, आदिलशाही!" शाबास. साहेबाने पेटीवर कोरलं म्हणून ते बरोबर असतंच असं नाही. दुसरी गोष्ट जरा जड होती. ही वाघनखं साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून तिकडे गेली, पण ती महाराजांनीच वापरलेली आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. पोरांचे चेहरे उतरले. काही सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की हे सांगायला नको होतं. मला तसं वाटत नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली जे घडलं ते पक्कं आहे, ते एका वस्तूवर अवलंबून नाही. आणि पुराव्याशिवाय हो म्हणायची सवय लागली, तर उद्या मोबाईलवर आलेलं काहीही ही पोरं खरं मानतील.

शस्त्रांच्या दालनात मुलांना एकच काम दिलं होतं. पातं पाहू नका, मूठ पाहा. मूठ केवढी आहे, कोणाचा हात मावेल, कोणी घडवली असेल. मग लोहार आला, पात्याला धार आणि झिलई देणारे शिकलगार आले. इंग्रजांनी १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा केला, शस्त्र बाळगायला परवाना लागू लागला, आणि तलवारीला धार लावणाऱ्या हातांवर विळे-कात्र्यांना धार लावायची वेळ आली. एका मुलाने विचारलं, "म्हणजे आपल्या बाजारात चाक घेऊन येते तो?" त्याच्या पणजोबाचं मला ठाऊक नाही, पण धंदा तोच.

मूर्तींच्या दालनात पाचवीतल्या मुलीने माझा पदर ओढला. "मॅडम, देवाले काचीत काऊन ठेवलं? चप्पल काढाची काय?"

या प्रश्नासाठी मी आधी तयारी केलेली नव्हती. तुम्ही करून जा. आपल्याकडे मूर्तीला देव मानतात ते प्राणप्रतिष्ठा झाल्यावर, आणि मूर्ती भंगली की तिची पूजा थांबते. शेतात नांगरताना, विहीर खणताना, तळ्याचा गाळ काढताना ज्या जुन्या मूर्ती निघतात, त्यांतल्या पुष्कळ अशाच हात-नाक तुटलेल्या असतात. देवळात जागा नाही, टाकवतही नाही, त्या इथे येतात. काही मूर्ती मात्र धडधाकट असूनही जमिनीत सापडतात. या संग्रहालयाच्या संग्रहात अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिणी गावच्या जैन धातुमूर्ती आहेत. धातूची मूर्ती कोण पुरेल? लढाई, लुटालूट जवळ आली की भक्तच देवाला जमिनीत लपवत. परत काढायला ते आले नाहीत, एवढंच आपल्याला दिसतं. म्हणजे मूर्तीच्या दालनातही लढाई आहेच.

चप्पल काढायची की नाही? मी म्हटलं, तुला वाटलं तर काढ, पण हात लावू नको. तिने काढून हातात धरली आणि पूर्ण दालन तशीच फिरली.

(पालकांसाठी मधेच एक: शेतात, पाया खणताना जुनी नाणी, मूर्ती, भांडी सापडली तर वाटून घेऊ नका, सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका. १८७८ चाच निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तहसीलला जाऊन सांगा.)

हा कायदा व्हायच्या आठ वर्षं आधीची, गुंगेरियाची गोष्ट पोरांना सगळ्यात आवडली. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून काहीतरी वर आलेलं दिसलं. खणलं तर तांब्याच्या ४२४ वस्तू, बहुतेक कुऱ्हाडींची पाती, वजन सुमारे पावणेचारशे किलो, आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे. काही नागपूरला आल्या, काही लंडनला गेल्या. मी विचारलं, कुऱ्हाड कशासाठी? तीन उत्तरं आली: लढायला, झाड तोडायला, देवाला वाहायला. तज्ज्ञांचंही अजून एकमत नाही. शस्त्र, अवजार की पूजेची वस्तू? गुरं राखणाऱ्या पोरांना हे सापडलं, म्हणून आमची पोरं आता बांधावर खाली पाहून चालतात.

नागपुरातून निघताना बसमधून सीताबर्डीचा किल्ला दाखवला. २६-२७ नोव्हेंबर १८१७, भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज कंपनी. कंपनीकडून लढणारेही बहुतेक इथलेच, मद्रासचे शिपाई. मग एम्प्रेस मिलची जागा, जिथे आता मॉल आहे. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, ज्या दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं. नाव त्यावरूनच. कापसाच्या शेताजवळ गिरणी हवी म्हणून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं. त्याआधी टाटांच्या घराला पैसा मिळाला होता तो इंग्रजांच्या १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेला माल पुरवण्याच्या ठेक्यातून. परत लढाई!

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. खादी आणि ग्रामोद्योगांचं, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी स्वतः उघडलेलं. इथे पोरं कंटाळतील अशी मला भीती होती. नाना तऱ्हेचे चरखे पाहून जांभया सुरूही झाल्या होत्या. मी सगळ्यांना खाली बसवलं आणि विचारलं, तुमच्यापैकी किती जण पऱ्हाटीत वेचणीला जातात? निम्म्याहून जास्त हात वर.

मग तुमच्या शिवारातली गोष्ट ऐका. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामांना राबवून कापूस पिकवणारी दक्षिणेची राज्यं एका बाजूला, उत्तर दुसऱ्या बाजूला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मजूर उपाशी. इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली, जो १८५३ पासून त्यांच्या कारभारात होता. पूर्वी आपला कापूस बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरपर्यंत जायचा. आता भाव चढले, ज्वारीच्या रानात कापूस आला, आणि रेल्वे आपल्या नांदुऱ्यावरून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. जलंब ते खामगाव हा छोटा फाटा १८७० मध्ये मुद्दाम कापसासाठी टाकला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. पण अमेरिकेतलं युद्ध १८६५ लाच थांबलं होतं आणि भाव कोसळले होते. सावकाराचं देणं राहिलं. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात ज्यांच्या घरात ज्वारीचं कणगं नव्हतं त्यांचे हाल झाले.

"म्हणजे आपण जलंबले जातो ते अमेरिकेच्या लढाईनं?" थोडंफार तसंच. आणि त्याच रुळांवरून आज गजानन महाराजांच्या दर्शनाला लोक शेगावला उतरतात. कापसासाठी आलेली रेल्वे भक्तांना घेऊन येते. रुळांना काय, त्यांना गाठीही सारख्या आणि वारकरीही.

चरख्याचंही तसंच. सूत काढायचं साधन, म्हणजे उद्योग. गांधीजी कातण्याला यज्ञ म्हणायचे, म्हणजे पूजा. आणि मँचेस्टरच्या कापडाविरुद्ध तीच लढाई. १९३१ च्या झेंड्यावर मधोमध चरखा होता. तीनही दालनं एका लाकडी चाकात, मी म्हणत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. तोच मुलगा, खिडकीबाहेर पाहणारा. तो पिंजणापाशी उभा होता, कापूस पिंजायच्या त्या मोठ्या धनुष्यासारख्या साधनापाशी.

"मॅडम, हे आमच्या घरी आहे. आजोबा गाद्या भरायचे. तार अशी नाही वाजवत, मी दाखवू?"

तिथल्या ताईंनी परवानगी दिली नाही, नियमच तसा. मग त्याने हवेतच हात फिरवून दाखवलं, तोंडाने आवाज काढून. सगळा वर्ग गोल करून बसला. सरकी आधी काढावी लागते, ओला कापूस पिंजला जात नाही, तात कशाची असते, हे सगळं त्याने सांगितलं. पंधरा मिनिटं तोच मास्तर होता आणि मी मुलांमध्ये बसले होते. परतीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसायला भांडणं झाली.

सोमवारी आम्ही वर्गात एका बाकावर संग्रहालय मांडलं. अट एकच, वस्तू घरची हवी आणि चिठ्ठीवर चार ओळी: काय आहे, कोणी बनवलं, कोणी वापरलं, आता का वापरत नाही. विळा आला, अडकित्ता आला, पितळी समई, एका आजोबांचा फौजेतला पट्टा, रेहल म्हणजे कुराण ठेवायची लाकडी घडीची चौकट, जिनातल्या गाठीची लोखंडी पट्टी. पिंजण मोठं म्हणून त्याची फक्त तात आली, कागदात गुंडाळून. मुलांना वस्तू दालनांप्रमाणे लावा म्हटलं तर समईवर वाद झाला, कारण ती घडवणारा कासार कुठे बसवायचा. विळाही तीनदा जागा बदलून शेवटी बाकाच्या मधोमध राहिला. त्याच्या चिठ्ठीवर पाचवीतल्या त्या चप्पलवाल्या मुलीने लिहिलं होतं: "कोणी बनवला – माहीत नाही. आजीले विचारतो."