वात नव्हे, पाणी

धानोऱ्याकडच्या गावांत गेले की मी आधी मुलांचे दात बघते. तपकिरी पट्टे दिसले की विचारते, पाणी कुठल्या हातपंपाचे? गडचिरोली-चंद्रपुरात काही ठिकाणी खडकातले फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, की सांधे आखडतात, पाठ ताठरते. लोक वात म्हणून तेल चोळत बसतात.

“बाई, उकळून पिऊ का?” एका आजींनी विचारले. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून दाटते. आजींची पाठ आता सैल होणार नाही. नातवाचे मात्र पक्के दात अजून हिरडीतच घडताहेत. म्हणून पिण्यापुरते तपासलेल्या उथळ विहिरीचे पाणी आणा म्हटले. ते जंतूंसाठी उकळावे लागतेच. विहीर लांब आहे. सून रोज दोन गुंड आणते.