एपीटीमधील डाउनलोड पुनर्निर्देशन

डाउनलोड पुनर्निर्देशन म्हणजे मागितलेली फाइल स्वतः न देता ती दुसऱ्या पत्त्यावर असल्याचे सर्व्हरने कळविणे होय. डेबियन, उबुंटू इत्यादी लिनक्स वितरणांतील एपीटी ही मुक्तस्रोत पॅकेज व्यवस्थापन प्रणाली, वेगळी सूचना नसल्यास, अशी पुनर्निर्देशने स्वीकारते. त्यामुळे वापरकर्त्याला जवळच्या मिररवरून, म्हणजे संग्रहाची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, फाइल मिळू शकते.

पडताळणी

फाइल कोठून आली यापेक्षा ती मूळ फाइलच आहे का, यावर एपीटीची सुरक्षा आधारलेली आहे. संग्रहाच्या 'रिलीज' फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असते. तीत अनुक्रमणिकांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, असतात. अनुक्रमणिकांत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. हॅश न जुळल्यास फाइल नाकारली जाते. म्हणून साध्या एचटीटीपीवरून पॅकेज घेणेही सुरक्षित मानले जाई.

२०१९ मधील त्रुटी

जानेवारी २०१९ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१९-३४६२ या त्रुटीने या गृहीतकाला धक्का दिला. एपीटीमध्ये फाइल उतरविण्याचे काम एक स्वतंत्र प्रक्रिया करते आणि ओळीओळीने लिहिलेल्या संदेशांतून मुख्य प्रक्रियेला निकाल कळविते. पुनर्निर्देशन आल्यास नव्या पत्त्यातील सांकेतिक चिन्हे उलगडून तो पत्ता न तपासता संदेशात लिहिला जात असे. पत्त्यात नव्या ओळीचे चिन्ह दडविलेले असल्यास त्यापुढील मजकूर वेगळा संदेश ठरे. अशा रीतीने जोडणीच्या मध्ये असलेला हल्लेखोर किंवा दुष्ट हेतूने चालविलेला मिरर 'फाइल उतरली, तिचा हॅश अमुक' असा बनावट संदेश घुसवू शकत असे. मुख्य प्रक्रिया हॅश स्वतः न काढता कळविलेल्या हॅशवरच विसंबत असल्याने बनावट पॅकेज स्वीकारले जाई. पॅकेजची स्थापना रूट अधिकारांनी होते. त्यामुळे संपूर्ण संगणक हल्लेखोराच्या ताब्यात जाण्याचा धोका होता.

दुरुस्ती

२२ जानेवारी २०१९ रोजी डेबियनने 'स्ट्रेच' (डेबियन ९) साठी एपीटी १.४.९ ही दुरुस्त आवृत्ती उपलब्ध केली. मात्र ती सदोष एपीटीमधूनच उतरवावी लागणार होती. म्हणून या अद्यतनापुरते पुनर्निर्देशन बंद ठेवण्याची सूचना देण्यात आली. ते शक्य नसल्यास पॅकेज थेट उतरवून, प्रसिद्ध केलेल्या हॅशशी ताडून स्थापित करण्याचा पर्याय होता. दुसऱ्याच दिवशी ही दुरुस्ती समाविष्ट असलेली डेबियन ९.७ आवृत्ती प्रकाशित झाली.